उंदीरसर

आमचे सर माणसाच्या तोंडाकडं पाहून बोलत नसत, हातांकडं पाहून बोलत. समोरचा चालायला लागला की बोलणं अर्धवट सोडून ते त्याच्या मागं निघत आणि त्याचे दोन्ही हात सारखे हलतात का ते बघत. यापायी जालन्याच्या बसस्टँडवर त्यांना एकदा पाकीटमार म्हणून धरलं होतं. पोलिसानं विचारलं, "या माणसाच्या मागं मागं कशाला फिरून राह्यला?"

"त्याचा डावा हात बघून राह्यलो होतो."

"का? पाकीट उजव्या खिशात हाये म्हणून?"

कॉलेजचं ओळखपत्र दाखवल्यावर सुटले. ही हकीकत त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितली. ती सांगताना झाल्या अपमानाचं त्यांना काही नव्हतं. त्या पोलिसाची चाल मात्र एकदम बराबर होती, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मी मंठ्याची. बदनापूर रस्त्यावर, जालन्याच्या बाहेर, एक खाजगी फार्मसी कॉलेज निघालं होतं. तिथं मी शिकवायला लागले ते दोन हजार सालाच्या पुढंमागं. मुलाखतीला प्राचार्य होते, संस्थेचे अध्यक्ष होते आणि कोपऱ्यात हे सर होते. बाकीच्यांचे प्रश्न संपल्यावर सरांनी एकच विचारलं, "पोट साफ होतं का?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. प्राचार्यांनी मान खाली घातली. मी म्हणाले, "हो सर."

"आणि वास येतो का, नीट?"

"येतो."

"कशाचा येऊन राह्यला आत्ता?"

मी खरं ते सांगितलं. "उंदरांचा."

सर एवढे खुश झाले, की मला नोकरी त्या उत्तरावरच मिळाली असं प्राचार्य पुढं कित्येक वर्षं कुजकटपणे सांगत.

ते आष्टीकडचे. घरी शेती, भाऊ शेती करायचे, हा एकटा शिकून औषधशास्त्राचा प्राध्यापक झालेला. मुलं त्यांना उंदीरसर म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि त्यात काही वावगं वाटत नव्हतं. जिन्याखालच्या एका लांबट खोलीत त्यांचे पांढरे उंदीर असत. या उंदरांशी ते अहो-जाहो करत. विद्यार्थ्यांना 'अरे गाढवा' म्हणणारा माणूस पिंजऱ्यापुढं वाकून "सरका जरा, पाणी भरतो" म्हणायचा. त्यांच्या पत्नी एकदा गॅदरिंगला आल्या होत्या. मला म्हणाल्या, "तुम्ही नशीबवान. तुमच्याशी निदान कधीमधी बोलतात. मला सवती लई आहेत, आणि सगळ्यांना शेपट्या हायेत."

सरांचा विषय होता कंपवात. हात थरथरणं, अंग ताठरणं, चाल मंदावणं हे सगळं आपल्याला माहीत असतं. पण थरथर दिसू लागते तोवर मेंदूतल्या त्या कामाच्या पेशी पुष्कळशा मरून गेलेल्या असतात. त्याच्या कितीतरी वर्षं आधी बारीकसारीक गोष्टी सुरू होतात. नाकाला वास येईनासा होतो. पोट साफ होत नाही. माणूस झोपेत ओरडतो, लाथा झाडतो. अक्षर बारीक होत जातं. चालताना एक हात अंगाला चिकटून राहतो. घरच्यांना वाटतं, वय झालं.

"थरथर म्हणजे शेवटचं पान हाये, मॅडम," सर म्हणायचे. "पुस्तक कधीचंच सुरू झाल्तं. मला पहिलं पान वाचायचंय."

त्यासाठी उंदीर. रोटेनोन नावाचं एक विष आहे, काही वेलींच्या मुळांत सापडणारं. मासे मारायला आणि पिकावरची कीड मारायला ते वापरत आले आहेत. तेच विष तेलात कालवून अगदी थोडं थोडं उंदराला टोचत गेलं, की त्याच्या मेंदूतल्या नेमक्या त्याच पेशी मरू लागतात. म्हणजे माणसाचा आजार उंदराला द्यायचा आणि तो कसा सुरू होतो ते बसून बघायचं. परदेशात कुणीतरी हे करून दाखवलं होतं. सरांनी ते वाचलं आणि आमच्या जिन्याखाली सुरू केलं.

त्यांची एक परीक्षा मला फार आवडायची. पिंजऱ्यातल्या भुशात ते बिस्किटाचा तुकडा पुरून ठेवत. निरोगी उंदीर नाक वर करून एक फेरी मारी आणि थेट तिथं जाऊन उकरी. विष घेतलेला उंदीर दिसायला धडधाकट असे, पळेही नीट, पण बिस्किटावरून तीनतीनदा चालत जाई. सर खुर्चीच्या कडेवर बसून पुटपुटत, "पायाखाली हाये, महाराज. पायाखालीच हाये." सापडलं नाही तर त्यांच्या सिद्धांताच्या दृष्टीनं ती आनंदाची गोष्ट होती. पण त्यांचा चेहरा पडायचा. मग ते स्वतःच भुसा बाजूला करून त्याला बिस्किट दाखवून देत.

चाल तपासायला ते उंदरांचे पाय शाईत बुडवून कागदाच्या पट्टीवर चालवत. अशा पट्ट्या भिंतीभर वाळत लावलेल्या असत. दिवाळीच्या सुमारास कुणी पाहुणे आले, त्यांनी हात जोडले. त्यांना ती लक्ष्मीची पावलं वाटली. सरांनी त्यांना दुरुस्त केलं नाही. म्हणाले, "यातले मागचे पाय जरा फाकलेत, एवढं सोडलं तर ठीक हायेत."

उंदरांवर भागतं तर बरं होतं. सरांच्या खिशात फोटोच्या रोलच्या चार रिकाम्या डब्या असत. एकीत हिंग, एकीत लवंग, एकीत कॉफी, एकीत साबणाचा तुकडा. स्टाफरूममध्ये कुणी सापडला की "डोळे मिटा" म्हणत आणि डबी नाकाशी धरत. लग्नात, वास्तुशांतीत, एकदा तर दशक्रियेलाही. आणि अशातच एका पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर त्यांनी ती डबी संस्थेच्या अध्यक्षांच्या नाकाशी धरली.

अध्यक्ष म्हणजे कापसाचे जिनिंगवाले, आडव्या अंगाचे, चांगल्या मनाचे गृहस्थ. सगळे त्यांना भाऊ म्हणत. भाऊंना हिंग ओळखता आला नाही. लवंग नाही, कॉफी नाही. साबणाला ते "पेढा असंल" म्हणाले. सरांचे डोळे चकाकले. "भाऊ, जरा चालून दाखवता?" भाऊ चालले. डावा हात हलला नाही. आणि सर सगळ्या स्टाफपुढं, मुलांच्या रांगेपुढं म्हणाले, "भाऊ, तुम्ही जल्दी औरंगाबादला मेंदूच्या डॉक्टरला दाखवून घ्या. तुमचं आणि माझ्या उंदराचं एकच सुरू हाये."

भाऊ घाबरले. त्यांच्या घरात रडारड झाली, म्हणे. औरंगाबादला तपासण्या झाल्या आणि निघालं काय, तर भाऊ तरुणपणापासून तपकीर ओढत होते, त्यात नाक कामातून गेलं होतं. आणि डावा खांदा मोटारसायकलवरून पडल्यापासून आखडलेला होता. बाकी मेंदू ठणठणीत. परत आल्यावर भाऊंनी एवढंच सांगितलं, की त्या माणसाला माझ्यासमोर आणू नका. प्राचार्यांना तेवढं पुरलं. त्यांना ती जिन्याखालची खोली कधीची हवी होती. उंदीर मागच्या सायकलशेडमध्ये गेले आणि डब्या बाहेर काढायला बंदी झाली.

सर माफी मागायला भाऊंच्या घरी गेले. सोबत मला नेलं, बाईमाणूस असलं की लोक कमी ओरडतात म्हणून. माफी चांगली मागितली. भाऊ विरघळले, चहा आला. आणि चहा पिता पिता मी पाहिलं, तर सरांची नजर अंगणात चालणाऱ्या भाऊंच्या सासूबाईंच्या हातांवर खिळलेली. मी त्यांना अक्षरशः उठवून बाहेर काढलं.

त्याच्या पुढच्या बुद्धपौर्णिमेला मी त्यांना मंठ्याला घरी जेवायला बोलावलं. माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणत. ताठ माणूस, इस्त्रीचा सदरा, शब्द तोलून बोलणारा. सरांची कीर्ती माझ्याकडून ऐकून त्यांना फार मौज वाटत होती. सर दारात येताच बाबा म्हणाले, "जय भीम, सर. या. पोट साफ होतं बरं का माझं. न्हाई म्हणजे, तुम्ही विचारायच्या आधी सांगून टाकतो."

सर मनापासून हसले. दोघांचं जमलं. शाळेतली मुलं, फळा, खडू, गावातल्या निवडणुका, गप्पा रंगल्या. तेवढ्यात आतून आई ओरडली. खिरीचं दूध उतू जाऊन करपलं होतं. घरभर वास कोंदला. मी धावले, शेजारची काकू खिडकीतून "काय गं जळून राह्यलं?" विचारून गेली. बाबा स्वयंपाकघराच्या दारालाच बसले होते. ते वळून म्हणाले, "काय झालं? ओरडलीस कशाला?"

मी दूध पुसत होते. मला काही वाटलं नाही. जेवताना सरांनी खीर अर्धी ठेवली आणि एस्टीची वेळ झाली म्हणून उठले. तिला अजून पुष्कळ अवकाश होता. बाबा त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले, तर सर हट्टानं त्यांच्या पुढं चालले. मागं राहायला तयारच होईनात.

पुढचे कित्येक दिवस ते मला टाळत होते. कँटीनमध्ये मी शिरले की ते उठत. जो माणूस अनोळखी लोकांना बसस्टँडवर आजार सांगत फिरायचा, तो मला 'कशा आहात'ही म्हणेना. मला वाटलं, जेवणात काही चुकलं. शेवटी मीच सायकलशेडमध्ये जाऊन उभी राहिले. ते पिंजरे धूत होते. मान न वळवता म्हणाले, "गुरुजी झोपेत बोलतात काय, मॅडम?"

बाबा झोपेत बोलत होते. आईनं खाट वेगळी केली होती, कारण मागं त्यांनी झोपेत लाथ मारली होती. आम्ही त्यावर हसायचो. शाळेतली पोरं स्वप्नात येतात म्हणायचो.

मी रागावले. म्हणाले, "सर, भाऊंचं केलं तसंच हे."

"तसंच असू दे," ते म्हणाले. अजूनही पाठमोरेच. "माझी पुन्हा चूक होऊ दे. इथून मला संडासात बसवलं तरी चालंल, मी उंदीर तिथं नेतो. पण एकदा दाखवून या."

त्यांची चूक झाली नव्हती. औरंगाबादच्या डॉक्टरांनी बाबांना बोटं आपटायला लावली, लिहायला लावलं, चालवलं. म्हणाले, सुरुवात आहे, अगदी सुरुवात, इतक्या लवकर सहसा कुणी येत नाही. कुणी पाठवलं म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, "उंदरांच्या डॉक्टरनं."

परत आल्यावर बाबांनी एकच मागणी केली. मला ते उंदीर बघायचेत.

सरांनी शेड झाडून घेतली, बाबांसाठी खुर्ची आणली. बाबा खुर्चीवर बसले नाहीत. पिंजऱ्यासमोर उकिडवे बसले आणि बराच वेळ बघत राहिले. एक उंदीर बिस्किटावरून चालत गेला.

"याला वास येत न्हाई?"

"न्हाई, गुरुजी."

"मला पण येत न्हाई. मला आपोआप झालं. याला तुम्ही दिलं." बाबांच्या आवाजात राग नव्हता. वर्गात प्रश्न विचारावा तसा स्वर होता. "यानं काय केल्तं?"

"काहीच न्हाई."

"मंग?"

"शेवटी मेंदू बघायला यांना मारावं लागतं. ते मी दुसऱ्या कुणाला करू देत न्हाई. त्या दिवशी मला जेवण जात न्हाई. एवढंच हाये."

बाबांनी मान हलवली. आणि महिन्यातून एकदा ते मंठ्याहून एस्टीनं यायला लागले. त्यांच्यासाठी सरांनी शेडमध्ये आणलेली ती खुर्ची मग तिथंच राहिली.

पुढं सरकारी नियम आमच्या कॉलेजापर्यंत पोचला. प्राण्यांवर प्रयोग करायचे तर कॉलेजात एक समिती हवी आणि तीत विज्ञानाबाहेरचा, कॉलेजबाहेरचा एक माणूस हवा. प्राचार्य आपल्या साडूला घेणार होते. सरांनी गुरुजींचं नाव दिलं आणि भाऊंनी, कुणास ठाऊक कसं, त्याला मान्यता दिली. प्राचार्य मला म्हणाले, "हुशार हाये तुमचा उंदीरसर. ज्याला आजार, तोच परवानगी देणार. निकाल तर लागूनच गेला." मला वाईट वाटलं, कारण थोडंसं मलाही तसंच वाटत होतं. आणि सरांना तर बिलकुल तसंच वाटत होतं. बैठकीच्या दिवशी ते नवा शर्ट घालून आले होते.

मी समितीत नव्हते. चहाचं सांगायला म्हणून दारात गेले आणि तिथंच उभी राहिले. सरांनी पुढच्या प्रयोगाची आखणी वाचून दाखवली. विष टोचायचं, वास जातो का बघायचं, मग चाल जाते का बघायचं, मग उंदीर पुरता आखडून खाणंपिणं सोडेपर्यंत थांबायचं. परदेशातल्या शोधनिबंधांत असंच होतं.

बाबा उठून उभे राहिले. बसून बोलायची त्यांना सवय नव्हती.

"मला या कामात स्वार्थ हाये," ते म्हणाले. "औषध निघावं असं इथं सगळ्यांत जास्त मलाच वाटतं. जगातले सगळे उंदीर मारा म्हणंल मी. म्हणून माझं 'हो' धरू नका. माझं 'न्हाई' मात्र धरा."

प्राचार्यांनी पेन खाली ठेवलं.

"सर, तुम्हाला सुरुवात बघायचीय ना?"

"हो."

"मंग यांना शेवटापर्यंत कशाला न्यायचं? तो शेवट माझ्या वाट्याला येणार हाये. त्याची घाई मला न्हाई, तर यांना कशाला? वास गेला की थांबा."

सर म्हणाले, "पण मंग लोक म्हणतील, हा कंपवातच कशावरून?"

"ते तुमचं काम. मेंदूत दिसंल न्हाईतर न दिसंल. माझं न्हाई."

बैठक तिथंच संपली. सर चहा न घेता निघून गेले. नंतर मला म्हणाले, "तुमच्या बाबांनी माझा प्रयोग बुडवला. घरचा माणूस म्हणून नाव दिल्तं मी." ते रुसले होते. खरोखरचे, लहान पोरासारखे रुसले होते. बाबा नेहमीप्रमाणे एस्टीनं आले, तेव्हा सर शेडला कुलूप लावून वर्गावर गेले. वर्ग नव्हताच त्या वेळी. बाबा खुर्ची बाहेर नसल्यामुळं पायरीवर बसले, वाट पाहिली आणि गेले. पुढच्या खेपेलाही आले. त्या वेळी कुलूप होतं, पण पायरीवर खुर्ची ठेवलेली होती. त्याच्या पुढच्या वेळी दार उघडं होतं. सर आत नवी आखणी लिहीत बसले होते. ते न पाहता म्हणाले, "बसा, गुरुजी. वास गेल्यावर थांबतो. पण पेशी मोजायचं काम दुप्पट झालं, हे ध्यानात ठेवा." त्यावर बाबांनी 'हो' म्हटलं नाही, 'न्हाई'ही म्हटलं नाही, आणि प्रयोग सुरू झाला.

बाबांनी आधीच एक अट घातली होती. शेवटच्या दिवशी ते स्वतः तिथं असणार. सरांनी खूप समजावलं. बाबा म्हणाले, "तुम्हाला त्या दिवशी एकट्यालाच उपाशी राहावं लागतं. दोघं राहू."

तो दिवस आला तोवर बाबांच्या उजव्या हाताला थरथर सुरू झाली होती. मांडीवर ठेवलेला हात आपोआप हलायचा, अंगठा बोटावर फिरत राहायचा, बिडी वळल्यासारखा. चारचौघांत ते तो हात सदऱ्याच्या खिशात घालत. सरांनी टेबल पुसलं, भुलीचं औषध काढलं. पिंजऱ्यातला पहिला उंदीर घ्यायला ते वाकले, तेव्हा बाबा म्हणाले, "जरा माझ्याकडं द्या."

सर घुटमळले. मग त्यांनी तो पांढरा जीव बाबांच्या उजव्या तळहातावर ठेवला. बाबांनी बोटं मिटली, हलकीच. आणि हात थांबला. महिनोन्‌महिने मांडीवर न थांबलेला तो हात एकदम स्थिर झाला. उंदीर त्यात नाक हलवत बसून राहिला.

मी सरांकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण स्वभाव कुठं जातो. ते शिकवायलाच लागले. "असं होतं, गुरुजी. ही थरथर रिकाम्या हाताची असते. हाताला काम मिळालं की ती थांबते. नियमच हाये तो."

बाबा हाताकडं बघत म्हणाले, "मंग हाताला काहीतरी देत जा, सर."

सरांनी उंदीर परत घेतला आणि आपलं काम केलं. सगळं होईपर्यंत बाबा उभे होते. दोघंही त्या दिवशी जेवले नाहीत. मेंदूंत सरांना जे दिसायला हवं होतं ते दिसलं, काठावर का होईना. एका साध्याशा नियतकालिकात ते छापूनही आलं. जगात त्यानं काही उलथापालथ झाली नाही.

उंदरांच्या त्या दिवसानंतरच्या रविवारी सर मंठ्याला आमच्या दारात उभे. खांद्यावर तुरीच्या ओल्या शेंगांचं पोतं, आष्टीच्या शेतातलं. अंगणात सतरंजी टाकून दोघं समोरासमोर बसले आणि शेंगा सोलायला लागले. बाबांचा हात शेंगेवर असेपर्यंत हलत नव्हता. तूर संपली की हरभरा, हरभरा संपला की भुईमूग. सर निवृत्त झाले तरी ते चालू राहिलं. बाबांना बोलायला त्रास होऊ लागला, मग बोलणं थांबलं, मग शेंगा निवडून हातात द्याव्या लागू लागल्या. सर एक एक शेंग त्यांच्या हातात ठेवत आणि सोलून होईपर्यंत दुसरी धरून बसत.

आई वैतागून जायची. घरात दाण्यांचे डबेच डबे झाले होते. आल्यागेल्याला ती पसा भरून दाणे द्यायची आणि म्हणायची, "न्या गं बाई, न्या. आमच्याकडं दोन मास्तर काम करून राह्यलेत."